उगवतीचा वारा, मावळतीचा वारा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

युरोपचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. स्पेनचं खालचं टोक आफ्रिकेच्या दिशेने पुढे आलेलं दिसेल. त्या टोकावर जिब्राल्टर आहे, असा आपला शाळेपासूनचा समज असतो. प्रत्यक्षात जिब्राल्टर थोडं पूर्वेला आणि थोडं उत्तरेला राहतं. युरोपच्या मुख्य भूमीचं अगदी दक्षिणेकडचं गाव म्हणजे तारिफा. पांढऱ्या चुन्याने रंगवलेली घरं, वाकडेतिकडे बोळ, एक जुना किल्ला आणि एक लहानसं बंदर, एवढाच त्याचा पसारा. समोर मोरोक्कोचे डोंगर. मधलं पाणी सगळ्यात अरुंद जागी अवघं चौदा किलोमीटर. स्वच्छ दिवशी पलीकडच्या किनाऱ्यावरची घरं मोजावीत इतकी जवळ वाटतात.

गावापासून एक दगडी बांध समुद्रातल्या एका बेटापर्यंत जातो. कबुतरांचं बेट असं त्याचं नाव. या बांधावर बेटाकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला भूमध्य समुद्र आणि उजव्या हाताला अटलांटिक महासागर. तशा पाट्याच तिथे लावल्या आहेत आणि येणारा प्रत्येक जण दोन्ही पाट्यांजवळ फोटो काढून घेतो. डावीकडे एक चिमुकली पुळण आहे, तिथलं पाणी पुष्कळदा तळ्यासारखं शांत. उजवीकडे लोस लान्सेसची किलोमीटरमागून किलोमीटर पसरलेली वाळू, आणि तिच्यावरच्या आकाशात शेकडो रंगीत पतंग. या पतंगांच्या दोऱ्यांना माणसं लटकलेली असतात. पायाखाली फळी, हातात दांडी आणि पाण्यावरून सुसाट धाव. उन्हाळ्यात सगळ्या युरोपातली तरुण पोरं यासाठी इथे गोळा होतात.

मी तिथे गेले ती पतंगांसाठी नव्हे. माझा भाचा म्युनिकला नोकरी करतो, त्याला या खेळाचा नाद. ‘मावशी, तू इतिहास शिकवलास ना इतकी वर्षं? मग चल, तुला बघायला तिथे भरपूर आहे,’ असं म्हणून त्याने मला मे महिन्यात सोबत नेलं. तो दिवसभर पाण्यात आणि मी दिवसभर गावात, असे आमचे आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. या गावाचा इतिहास राजांनी लिहिला असेल, पण त्यांच्या हाताला धरून वाऱ्याने लिहिला आहे.

तारिफात वारे दोनच. एक लेवांते, दुसरा पोनियेंते. लेवांते म्हणजे उगवतीचा आणि पोनियेंते म्हणजे मावळतीचा. गंमत पाहा, आपल्याकडेही जुनी माणसं पूर्व-पश्चिम म्हणत नसत, उगवतीकडे आणि मावळतीकडे असंच म्हणत. त्यामुळे मला या वाऱ्यांची नावं पाठ करावी लागली नाहीत. उत्तरेला स्पेनचे डोंगर, दक्षिणेला मोरोक्कोचे. मधली सामुद्रधुनी म्हणजे दोन भिंतींमधला बोळ. मोकळ्या समुद्रावर साधा असलेला वारा या बोळात शिरला की आवळला जातो आणि वेग घेतो. गल्लीच्या तोंडाशी उभं राहिल्यावर अंगावर येतो तसा. मावळतीचा वारा समुद्रावरून येतो, थंड आणि एकसारखा असतो. नवशिक्यांना तो बरा, कारण तो माणसाला किनाऱ्याकडे ढकलतो. उगवतीचा वारा मोठा दांडगा. तो झटके देत येतो आणि लोस लान्सेसवर उभ्या माणसाला जमिनीकडून पाण्याकडे, म्हणजे थेट महासागराकडे लोटतो. एकदा सुरू झाला की तीन-तीन, चार-चार दिवस, कधी आठवडाभर थांबत नाही. दारं वाजतात, वाळू दातांखाली येते, टेबलावरचा कागद टेबलावर राहत नाही. लेवांते फार दिवस चालला की माणसाचं डोकं फिरतं, असं तारिफात सगळेच म्हणतात. आम्ही होतो तेव्हा तो चार दिवस वाहिला. तिसऱ्या दिवशी मला ते म्हणणं पटू लागलं होतं.

वाऱ्याइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, ती म्हणजे प्रवाह. भूमध्य समुद्रात नद्या आणि पाऊस मिळून जेवढं पाणी टाकतात, त्याहून जास्त पाणी उन्हाने उडून जातं. ही तूट भरून काढायला अटलांटिकचं पाणी वरच्या थरातून सतत आत येत असतं आणि आतलं जड, खारट पाणी तळातून बाहेर जात असतं. याचा अर्थ असा की शिडाच्या जहाजाला आत शिरणं सोपं, बाहेर पडणं कठीण. त्यात मावळतीचा वारा लागला की वारा आणि पाणी दोन्ही विरुद्ध. मग जहाजं जिब्राल्टरच्या आडोशाला, नाहीतर मालागाच्या बंदरात नांगर टाकून बसत. किती दिवस? लेवांते सुटेपर्यंत. आठवडे लागत. व्यापारी, खलाशी, सैन्य, राजदूत, सगळ्यांनी इथे वाट पाहिली आहे. यंत्रांचा काळ आल्यावरही पाण्याची ही ओढ संपली नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या अनेक पाणबुड्या या सामुद्रधुनीतून भूमध्य समुद्रात शिरल्या. समोरून येणारा प्रवाह आणि वर इंग्रजांचा पहारा यांतून अटलांटिकात परत फिरलेली मात्र एकही नाही.

आता मागे जाऊ. तारिफापासून वायव्येला साधारण वीस किलोमीटरवर बोलोनिया नावाचा किनारा आहे. तिथे वाऱ्याने तीस मीटरहून उंच वाळूची टेकडी रचली आहे आणि ती हळूहळू मागच्या पाइनच्या झाडांना गिळत चालली आहे. या टेकडीच्या जवळच एका रोमन शहराचे अवशेष आहेत, बाएलो क्लाउदिया. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस ते वसलं आणि क्लाउडियस बादशहाने त्याला नगराचा दर्जा दिला. चौक, देवळं, नाट्यगृह, सगळं आहे. पण मला सगळ्यात आवडले ते समुद्रालगतचे दगडी हौद. हे मासे खारवायचे हौद. दर वसंतात मोठे ट्यूना मासे, त्यांना आपल्याकडे कुपा म्हणतात, अंडी घालायला अटलांटिकातून भूमध्य समुद्रात शिरतात. त्यांना इथे या अरुंद बोळातून जावंच लागतं. रोमन लोक त्यांना किनाऱ्याजवळ अडवत, कापत, मिठात घालत. उरलेली आतडी मिठाबरोबर उन्हात आंबवून त्याचा एक रस काढत. त्याचं नाव गारुम. रोमच्या श्रीमंतांच्या जेवणात तो लागेच. वास कसा असेल हे कोकणात सुकटीच्या वाळवणाशेजारून गेलेल्या माणसाला सांगायला नको. स्ट्रेबो हा प्राचीन भूगोलकार या गावाच्या दोनच गोष्टी नोंदवतो. इथे मासे खारवतात आणि इथून आफ्रिकेतल्या टिंगिसला, म्हणजे आजच्या टँजियरला जायची गलबतं सुटतात. दोन हजार वर्षांपूर्वीच हा किनारा उतारूंचा होता. तिसऱ्या शतकातल्या भूकंपानंतर शहर खचत गेलं, ओस पडलं आणि वाळूखाली गेलं. १९१७ साली फ्रेंच संशोधक पिएर पारी याने ते उकरायला सुरुवात केली.

मासे पकडायची ती पद्धत मात्र अजून चालू आहे. समुद्रात नांगरलेल्या जाळ्यांचा चक्रव्यूह लावायचा, मासे आत शिरले की शेवटची खोली वर ओढायची. तिला अल्मद्राबा म्हणतात. शब्द अरबी, अर्थ ‘मारण्याची जागा’. मी गेले तेव्हा हंगाम होता. मासळीचा बराच भाग जपानला जातो, गावातल्या खानावळीत त्याचा एक तुकडा पदरात पडायला खिसा जड लागतो.

अरबी शब्द इथे आला तो इसवी सन ७१० साली. त्या वर्षी पलीकडून तारिफ इब्न मालिक नावाचा एक सरदार चार नावांतून सुमारे चारशे पायदळ आणि शंभर घोडेस्वार घेऊन टेहळणीला उतरला, असं अरबी इतिहासकार सांगतात. लूट घेऊन तो परत गेला. त्याने ‘मार्ग मोकळा आहे’ असा निरोप दिला असणार, कारण पुढच्याच वर्षी तारिक इब्न झियाद सैन्य घेऊन आला आणि बघता बघता जवळजवळ सगळा स्पेन मुसलमानी सत्तेखाली गेला. तारिकच्या नावाने जबल तारिक, म्हणजे जिब्राल्टर झालं. तारिफच्या नावाने तारिफा. इथले लोक पाहुण्यांना हौसेने सांगतात की इंग्रजीतला ‘टॅरिफ’ हा जकातीचा शब्द आमच्या गावावरून पडला, कारण पूर्वी येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांकडून इथे जकात घेत. कहाणी छान आहे, पण खरी नाही. टॅरिफ आला तो ‘कळवणे, ओळख करून देणे’ या अर्थाच्या अरबी शब्दावरून. तोच शब्द फारसी-उर्दूच्या वाटेने आपल्याकडे येऊन ‘तारीफ’ झाला. म्हणजे टॅरिफ आपल्या तारिफेचा भाऊ, तारिफा गावाचा कोणी नव्हे. सरदाराच्या नावाचं मूळ अगदी वेगळं आहे.

किल्ला बांधला कोर्दोव्याच्या खलिफाने, तिसऱ्या अब्दुर रहमानने. दारावर शिलालेख आहे, त्यातलं साल ९६० येतं. दहाव्या शतकात आफ्रिकेकडून येणाऱ्या शत्रूची भीती त्या मुसलमान खलिफालाही होती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. इथे नेहमी धर्माने बाजू ठरल्या असं आपण पटकन म्हणतो, प्रत्यक्षात बाजू पुष्कळदा या चौदा किलोमीटरांनी ठरल्या.

१२९२ साली कास्तीलचा राजा चौथा सांचो याने तारिफा जिंकून घेतलं. दोनच वर्षांनी वेढा पडला. वेढा घालणाऱ्यांत मोरोक्कोच्या मरिनी सुलतानाचं सैन्य होतं आणि त्यांच्याबरोबर खुद्द राजाचा बंडखोर भाऊ होता. बघा, पुन्हा बाजू. किल्लेदार होता आलोन्सो पेरेस दे गुस्मान. त्याचा मुलगा शत्रूच्या हातात सापडलेला. ‘किल्ला दे, नाहीतर पोराला मारतो,’ असा निरोप तटाखालून आला तेव्हा गुस्मानने स्वतःच्या कमरेचा सुरा तटावरून खाली फेकला. ‘मारायला हत्यार नसेल तर हे घ्या’ असा त्याचा अर्थ. मुलगा मारला गेला, किल्ला राहिला. आपल्याकडे मुलाचं लग्न बाजूला ठेवून कोंढाण्यावर गेलेल्या तानाजीची जी जागा, ती स्पेनच्या शाळकरी पुस्तकांत या गुस्मानची. सुऱ्याची ही गोष्ट पुढच्या बखरकारांनी किती रंगवली हा प्रश्न आहेच. मला मात्र तटावर उभं राहून वाटत राहिलं की त्या पोराच्या आईला कोणी विचारलं असेल का. बखरींना असले प्रश्न पडत नाहीत.

गुस्मानच्या घराण्याला बदल्यात जमिनी मिळाल्या आणि या किनाऱ्यावरच्या ट्यूनाच्या जाळ्यांचा मक्ता मिळाला. मेदिना सिदोनियाचे ड्यूक ते हेच. शौर्याचं भांडवल मासळीत गुंतलं आणि घराणं गडगंज झालं. त्यांतल्याच एका वंशजाला, त्याचंही नाव आलोन्सो पेरेस दे गुस्मान, १५८८ साली राजाने इंग्लंडवर जाणाऱ्या आरमाराचा सेनापती केलं. त्याने राजाला पत्र लिहून कळवलं होतं की मला समुद्राचा अनुभव नाही, मला बोट लागते. राजाने ऐकलं नाही. त्या आरमाराचं वाऱ्याने काय केलं ते सर्वश्रुत आहे.

लोस लान्सेसच्या वाळूत एक लहानशी नदी येऊन मिळते. नाव सालादो, म्हणजे खारी. आज तिच्या मुखाशी पक्षी बघणारे दुर्बिणी लावून बसतात. ३० ऑक्टोबर १३४० रोजी याच नदीच्या काठी मोरोक्कोचा सुलतान अबुल हसन आणि ग्रॅनडाचं सैन्य एका बाजूला, कास्तील आणि पोर्तुगालचे राजे दुसऱ्या बाजूला अशी मोठी लढाई झाली. सुलतान हरला. त्याच्यानंतर आफ्रिकेतून एवढी मोठी स्वारी स्पेनवर पुन्हा आली नाही. सहाशे वर्षं सैन्यं इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जात होती, ती वाट तिथे जवळपास बंद झाली. मी नदीकाठी गेले तेव्हा वाऱ्याने वाळूचे लोट उठत होते आणि दोन मुलं आपल्या पतंगाचे गुंतलेले दोर सोडवत बसली होती. लढाईची खूण दिसावी असं तिथे काहीही नाही.

मधली शतकं भरभर ओलांडू. चाच्यांवर नजर ठेवायला किनाऱ्यावर टेहळणीचे बुरूज झाले, त्यांतले काही अजून उभे आहेत. १८०५ मध्ये थोडं वर, ट्रफाल्गारच्या भूशिरासमोर नेल्सन लढला आणि मेला. १८११ च्या डिसेंबरात नेपोलियनच्या सैन्याने तारिफाला वेढा घातला. तटाला भगदाड पाडलं, वर्षाच्या शेवटच्या दिवशी हल्लाही केला. पण आत स्पॅनिश आणि इंग्रज शिपाई चिवट होते आणि बाहेर आभाळ फाटलं होतं. वादळी पावसाने फ्रेंचांचे खंदक भरले, तोफा चिखलात रुतल्या. १८१२ च्या जानेवारीत ते अवजड तोफा तशाच टाकून निघून गेले.

त्यानंतर तारिफा विसरलं गेलं. जमीन वाऱ्याने सोलवटलेली, शेती बेताची, मासेमारी हंगामाची. यादवी युद्ध संपल्यावर, १९३९ नंतर, जनरल फ्रँकोच्या सरकारने या सगळ्या किनाऱ्यावर काँक्रीटचे बंकर बांधले. समोर जिब्राल्टर इंग्रजांचं, पलीकडे महायुद्ध पेटलेलं. बांधकामावर राबले त्यांत युद्धात हरलेल्या बाजूचे कैदीही होते. ते बंकर आजही वाळूत तिरपे होऊन पडले आहेत. पोरं त्यांवर ओले कपडे वाळत घालतात. लष्कराच्या ताब्यामुळे किनाऱ्याच्या पुष्कळ भागात बांधकामाला मनाई होती. पुढे पर्यटन आलं तेव्हा स्पेनचा भूमध्य किनारा, मालागाकडचा विशेषतः, उंच हॉटेलांनी झाकला गेला. तारिफा त्यातून वाचलं. कारण एकीकडे लष्कर आणि दुसरीकडे लेवांते. छत्री उडून जाते आणि अंगावर वाळूचे चाबूक बसतात अशा पुळणीवर तास न् तास पडून राहायला कोण येणार?

आले ते वेगळेच लोक. १९६० च्या दशकात अमेरिकेत फळीवर शीड बसवून वाऱ्यावर पळायचा खेळ निघाला, त्याला विंडसर्फिंग म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या हॉइल श्वाइत्झर आणि जिम ड्रेक या दोघांनी त्याचं पेटंट घेतलं. तो युरोपात वणव्यासारखा पसरला आणि १९८४ मध्ये ऑलिंपिकमध्येही गेला. जर्मन आणि इतर युरोपीय पोरं जुनाट गाड्यांत फळ्या घालून वाऱ्याच्या शोधात निघाली आणि १९८० च्या दशकात त्यांना तारिफा सापडलं. ज्या वाऱ्याने गावाला गरीब ठेवलं होतं, तोच विकाऊ झाला. कोळ्यांच्या जुन्या खोल्या भाड्याने जाऊ लागल्या. त्याच वेळी फ्रान्समधल्या लगेन्यू बंधूंनी हवा भरलेला, पाण्यावर पडला तरी परत उडवता येणारा पतंग शोधून १९८४ मध्ये पेटंट घेतलं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्याचा खेळ रूढ झाला आणि तारिफाचं आकाश भरून गेलं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा पतंगाचा खेळ पहिल्यांदा आला, तो भूमध्य किनाऱ्यावरच्या मार्सेयला. तेव्हा भाच्याने मला म्युनिकहून फोन करून टीव्ही लावायला लावला होता.

१९९० च्या दशकात मागच्या डोंगरांवर पवनचक्क्यांच्या रांगा आल्या. वीज झाली, पण ही पक्ष्यांचीही वाट आहे. करकोचे, घारी, गिधाडं दरसाल इथूनच आफ्रिकेत जातात. लेवांते असला की तेही आपल्यासारखेच खोळंबतात, डोंगरांवर घिरट्या घालत बसतात. गिधाडं पात्यांवर आपटून मरू लागली. मग पक्षी येताना दिसले की तेवढ्या चक्क्या थांबवायची पद्धत निघाली आणि मरणारी गिधाडं निम्म्याने कमी झाली. मे २०१२ मध्ये नगरपालिकेने वाल्देवाकेरोसच्या किनाऱ्यामागे हॉटेलं आणि घरं बांधायच्या योजनेला मंजुरी दिली. बेकारीने गाव पिचलेलं होतं, तेव्हा मंजुरी देणाऱ्यांना मी सरसकट खलनायक म्हणणार नाही. पण देशभर गदारोळ झाला आणि न्यायालयात योजना टिकली नाही. मी पाहिलं तेव्हा तिथे वाळू, गायी आणि पतंग होते.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगितलं तिच्याकडे येते. १ नोव्हेंबर १९८८ रोजी, म्हणजे तिकडे मृतांच्या स्मरणाचे दिवस असतात तेव्हा, लोस लान्सेसच्या वाळूवर एक तरुण मेलेला सापडला. मोरोक्कोहून तेवीस जणांना घेऊन निघालेली एक लहान होडी किनाऱ्याजवळ उलटली होती. वाचले ते मोजके. समुद्र पुढचे कितीतरी दिवस प्रेतं बाहेर टाकत राहिला. एका स्थानिक पत्रकाराने पहिल्या प्रेताचं छायाचित्र काढलं आणि स्पेनला कळलं की आपल्या दक्षिणेला एक नवी सरहद्द तयार झाली आहे. १९८६ मध्ये स्पेन युरोपीय समुदायात गेला होता. १९९१ मध्ये मोरोक्कोच्या लोकांना व्हिसा सक्तीचा झाला. तोवर या पाण्यातून कामाला जाणं-येणं ही साधी गोष्ट होती. त्यानंतर ‘पतेरा’ हा एका साध्या मासेमारी होडीचा शब्द स्पेनच्या वर्तमानपत्रांत मरणाचा शब्द झाला.

होड्या निघतात त्याही वाऱ्याचा अंदाज घेऊनच. लेवांते आणि पोनियेंते यांच्या मधे एखादा दिवस, एखादी रात्र पाणी निपचित पडतं. तेवढ्यात निघायचं. चौदा किलोमीटर जवळ दिसतात, पण प्रवाह होडीला सतत पूर्वेकडे ओढत असतो, वरून महाकाय मालवाहू जहाजं जात असतात, आणि मधेच वारा उठला की लहान मोटारीची ती होडी कशाच्याच कामाची राहत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये वर झाहाराकडच्या पुळणीवर ऐन सुटीच्या गर्दीत अशी एक होडी येऊन लागली. माणसं उड्या टाकून पळत सुटली आणि छत्र्यांखालची माणसं हातातलं वाचन तसंच धरून बघत राहिली. ती चित्रफीत जगभर फिरली. ज्या बेटाच्या बांधावर आपण फोटो काढतो, त्या बेटावरच्या जुन्या लष्करी इमारतींत बरीच वर्षं पकडलेल्या स्थलांतरितांना ठेवत असत. बांधाच्या शेवटी फाटक आहे, फोटो काढणारे तिथूनच मागे वळतात.

गावाच्या दफनभूमीत सामुद्रधुनीत बुडालेल्यांच्या आठवणीची एक जागा आहे. नावं नाहीत, कारण ती कोणाला ठाऊक नाहीत. चौथ्या दिवशी, लेवांते अजून वाहत असताना, मी तिथे गेले. भिंतीच्या आडोशाला वारा लागत नव्हता. कोणीतरी ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या फुलांवर बारीक वाळू साठली होती. भाचा त्या दिवशी पाण्यात उतरला नव्हता, वारा फार होता म्हणून. तो माझ्याबरोबर आला. इतकी वर्षं येतोय, ही जागा माहीत नव्हती, एवढंच म्हणाला.

तारिफाच्या बंदरातून टँजियरला वेगवान बोट जाते. तासाभराचा प्रवास. लेवांते जोरात असला की ती रद्द होते आणि खिडकीवर तशी पाटी लागते. आमची दोन दिवस रद्द झाली. पाचव्या दिवशी वारा फिरला. मोरोक्कोचा व्हिसा मी आधीच काढून ठेवला होता. बोटीतच एक पोलीस अधिकारी टेबल टाकून बसतो, रांग लावायची, त्याने पासपोर्ट उघडला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. खिडकीतून पाहिलं तर आम्ही अर्ध्यावर होतो.

टँजियरच्या जुन्या शहराबाहेर उंचावर एक सज्जा आहे. जुन्या तोफा स्पेनकडे तोंड करून मांडल्या आहेत आणि त्यांच्या कठड्यावर तरुण पोरं तास न् तास बसलेली असतात. या जागेला तिथे ‘आळशांची भिंत’ म्हणतात. समोर पाण्यापलीकडे स्पेनचा किनारा पसरलेला, डोंगरांवरच्या पवनचक्क्यांचे पांढरे ठिपकेही ओळखू येत होते. शेजारी बसलेल्या एका पोराने आम्ही कुठले ते विचारलं. ‘इंडिया’ म्हटल्यावर त्याने दोन-तीन सिनेनटांची नावं घेतली आणि हसला. मग त्याने बोट ओलं करून वर धरलं आणि भाच्याला सांगितलं, परवापासून पुन्हा शर्गी येणार. शर्गी म्हणजे पूर्वेचा. आपल्या इतिहासात जौनपूरचे शर्की सुलतान येतात, तोच हा शब्द. पलीकडे ज्याला लेवांते म्हणतात, त्याच वाऱ्याचं हे अलीकडचं नाव. भाच्याने त्याला विचारलं, तुला कसं कळलं? तो म्हणाला, आम्ही रोज बघतो ना.